कूलरच्या पंपासारखी साधी मोटर हृदयाच्या ऑपरेशनमध्ये रक्त फिरवायला का चालत नाही?

मी नागपुरात परफ्युजनिस्ट आहे. ऑपरेशनसाठी हृदय थांबवलं की त्याचं आणि फुप्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीन चालवणं हे माझं काम.

कूलरचा पंप रक्त ढकलेल, पण त्याची पार वाट लावून. तांबड्या पेशी घुसळल्या की फुटतात, हिमोग्लोबिन बाहेर येतं आणि लघवीच्या पिशवीत लाली उतरते. ती लाली मी पाहिली आहे, विसरता येत नाही. शिवाय परक्या पृष्ठभागाला लागलं की रक्त गोठतं, म्हणून आधी हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, द्यावंच लागतं.

अमेरिकन सर्जन जॉन गिबन १९३१ मध्ये बोस्टनला फुप्फुसाच्या धमनीत गुठळी अडकलेल्या एका रुग्णाच्या उशाशी रात्रभर बसून होते. ती बाई वाचली नाही. पत्नी मेरी यांच्या साथीनं ते हार्ट-लंग मशीन बनवण्याच्या मागे लागले, आणि ६ मे १९५३ ला फिलाडेल्फियात १८ वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं छिद्र बंद केलं. २६ मिनिटं तिचा सगळा भार यंत्रावर होता. त्यासाठी २२ वर्षं गेली!

त्यात रोलर पंप होते. उन्हाळ्यात आपण पेप्सीची कांडी बोटांनी दाबत वर सरकवतो ना, तसंच. वाकवलेल्या नळीवरून दोन रोलर फिरतात; रक्ताला धातू लागतच नाही. रोलर किती आवळायचा, हे मी स्वतः लावतो. नळीत सलाईन भरून टोक मीटरभर उंच धरायचं. पातळी मिनिटाला एक-दोन सेंटीमीटर उतरली पाहिजे. झपकन उतरली तर रोलर सैल, रक्त मागे येणार. हललीच नाही तर फार घट्ट, पेशी चिरडणार. इथे घाई करणाऱ्या शिकाऊ मुलांना मी रागावतो.

तुमच्या कूलरच्या पंपाचा भाऊबंद मात्र आता आमच्याकडे आहे: सेंट्रिफ्युगल पंप. आतली चकती बाहेरच्या मोटरच्या चुंबकानं फिरते. पुढे नळी दुमडली तर रोलर ढकलतच राहतो आणि नळी फुटू शकते. सेंट्रिफ्युगल पंप नळी फुटेपर्यंत दाब वाढवत नाही. पण वेग पडला तर रक्त उलटं येतं, म्हणून नळी दाबून बंद करणारा चिमटा, क्लॅम्प, हाताशी लागतो.

वीज आणि बॅटरी दोन्ही गेल्या तर हँडल आहे. मोठ्या माणसाला मिनिटाला चार-साडेचार लिटर रक्त हातानं फिरवायचं, दंड लगेच भरून येतात. प्रत्येक केसआधी मी ते हँडल जागेवर आहे ना, हात लावून बघतो.