एआर-१५ रायफलवर टॉर्च आणि तिचा स्विच नेमका कुठे बसवावा?

आधी हात, मग टॉर्च. रायफल रिकामी आहे ना, हे चेंबर (गोळी बसते तो कप्पा) उघडून बघा. नेहमीसारखी खांद्याला लावा आणि डाव्या हाताचा अंगठा आपसूक कुठे टेकतो तिथे पेन्सिलने खूण करा. स्विच तिथेच. त्यासाठी पकड बदलावी लागली तर जागा चुकली.

उजव्या हाताने चालवणाऱ्याला टॉर्च घड्याळातल्या ११ च्या जागी, म्हणजे मागून बघताना नळीच्या वर किंचित डावीकडे, सोयीची. टॉर्चच्या मागचं बटण थेट अंगठ्याखाली येतं आणि वायरची कटकटच नको. वायरवाला पट्टी-स्विच वरच्या रेलवर (सामान अडकवायच्या खाचांच्या पट्टीवर) छान बसतो, पण बिघडतो तो बहुधा वायरच्या सांध्यापाशी. म्हणून वायर ताणू नका, लोंबतीही ठेवू नका.

टॉर्च फार मागे घेतली तर नळीची सावली प्रकाशात पडते, सायलेन्सर असेल तर आणखी मोठी. फार पुढे नेली तर काच काजळीने काळवंडते. काच नळीच्या तोंडाच्या किंचित मागे ठेवा. एम-लॉकचे (पुढच्या मुठीवरच्या खाचांत सामान बसवायच्या पद्धतीचे) स्क्रू आवळताना आतली टी-नट (टी आकाराची चाकी) आडवी फिरलीय का ते बघा. नाही फिरली तर माउंट (टॉर्च धरणारा भाग) दोन मॅगझिन झाडेपर्यंत हलायला लागतो. थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) निळा, लाल नको.