चॅटजीपीटीमुळे पुस्तक उघडावंसंच वाटत नाही, काय करू?

तुम्ही लिहिलंय की इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहात, असाइनमेंट दोन मिनिटांत तयार मिळतं आणि अभ्यासाची इच्छाच मेली आहे. याला आळस म्हणून स्वतःला बोल लावत बसू नका.

मी बडोद्यात सिव्हिलच्या मुलांना शिकवतो. २०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं, त्यानंतर वह्या देखण्या झाल्या आणि तोंडी परीक्षेत शांतता पसरली. परवा एकाने बीमचं, म्हणजे आडव्या तुळईचं, गणित अचूक आणलं. दोन टोकांना टेकलेला बीम, अंगभर सारखा भार, कमाल बेंडिंग मोमेंट (भारामुळे बीमला वाकवणारा परिणाम) म्हणजे एकूण भार गुणिले लांबी भागिले ८. विचारलं, "हा ८ कुठून आला रे?" पोरगा वहीकडे असा बघतोय, जणू तो ८ दुसऱ्याच कुणी तिथे ठेवलाय. ठेवला होताच म्हणा.

संध्याकाळी शेव-उसळीच्या गाडीवर तोच भेटला. त्याच्या दप्तरातली प्लास्टिकची पट्टी मी दोन ग्लासांवर आडवी टेकवली, चार पाव ओळीने मांडले. मग तेच चार मधोमध एकावर एक रचले. पट्टी आणखी वाकली. "सर, वजन तर तेवढंच आहे!" भार मधोमध एकवटला की ८च्या जागी ४ येतो, मोमेंट दुप्पट होतो. गाडीवाला पावांकडे बघून वैतागला, पण रात्री साडेअकराला पोराने स्वतः मांडलेल्या गणिताचा फोटो पाठवला. एक चिन्ह चुकलं होतं.

तुर्कस्तानात शाळेतल्या जवळपास हजार मुलांवर जीपीटी-४चा, म्हणजे चॅटजीपीटीमागच्याच एका मॉडेलचा, प्रयोग झाला. साधा चॅटबॉट मिळालेल्यांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली. तो काढून घेऊन परीक्षा घेतली, तर चॅटबॉट कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा ती १७ टक्क्यांनी मागे पडली. ज्या गटाला आयतं उत्तर न देता फक्त इशारे मिळत होते, त्यांचं हे नुकसान जवळजवळ झालंच नाही.

म्हणून आधी वीस मिनिटं पेन आणि कागद, मग फोन. आणि चॅटजीपीटीला सांगायचं, "उत्तर देऊ नकोस, माझी चूक कुठल्या ओळीत आहे तेवढंच सांग." आमच्या पोराने तेच केलं. एवढं बजावूनही ते कधीकधी आख्खं उत्तर ओकून टाकतं, तेव्हा वाचायच्या आत फोन पालथा घाला.