अणुवीज केंद्राजवळच्या तलावात पोहण्याआधी

तुला किरणोत्सर्गाची भीती वाटते, पण मला काळजी आहे ती गरम पाण्याची आणि पाण्याच्या ओढीची.

अणुभट्टीतून फिरणारं पाणी वेगळं असतं, तलावाचं वेगळं. तलावाचं पाणी कंडेन्सरच्या, म्हणजे वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्राच्या, नळ्यांतून जातं, वाफ थंड करतं आणि तापून परत येतं. मध्ये धातूची भिंत असते. केंद्रातून ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचं किरणोत्सर्गी रूप, थोड्या प्रमाणात, मोजून सोडलं जातं. त्याच्या किरणोत्सर्गातले बीटा कण इतके दुबळे की कातडीही भेदू शकत नाहीत. तरी त्या तलावाचे तपासणी अहवाल वाचायची सवय लाव, मीही वाचतो.

आता गरम पाण्याचं. नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा उबदार गोड्या पाण्यात वाढतो, अगदी 46 अंश सेल्सिअसपर्यंत. पाणी गिळल्याने काही होत नाही, पण नाकातून शिरला तर मेंदूपर्यंत पोचतो. हा आजार फार विरळ आहे, पण झालाच तर बहुतेक जण वाचत नाहीत. म्हणून भर उन्हाळ्यात उष्ण पाणी सोडतात त्या बाजूला सूर मारू नकोस, नाकाला चिमटा लाव, तळाचा गाळ ढवळू नकोस. पोहून आल्यावर काही दिवसांत ताप आणि जोराची डोकेदुखी सुरू झाली, तर डॉक्टरांना तलावाबद्दल आधी सांग.

तलावाचं पाणी केंद्रात खेचणाऱ्या तोंडाजवळ मात्र कधीच जायचं नाही, कितीही चांगलं पोहता येत असलं तरी. तरंगत्या बोयांच्या पलीकडे पाऊलसुद्धा नको. आणि पहिल्यांदा एकटा उतरू नकोस रे.