टीव्हीवर वंशावळ शोधताना पांढरे हातमोजे घालून कागद उघडतात आणि तासाभरात सात पिढ्या सापडतात. खरंच असं असतं का? घरचे जुने कागद काढायचे आहेत, हातमोजे घेऊ का?

घेऊ नका. हात साबणाने धुवा, पूर्ण कोरडे करा, तेल-क्रीम लावू नका आणि कागद टेबलावर सपाट ठेवून उघडा. ब्रिटिश लायब्ररीसुद्धा कागदासाठी हेच सांगते. सुती मोज्यातून कागदाची कड बोटाला कळत नाही, धागा फाटक्या कडेत अडकतो आणि तुकडा निघून येतो.

असा तुकडा निघताना मी पाहिलाय. भाचीच्या जात पडताळणीसाठी आम्ही माहेरची वंशावळ जुळवत होतो. नागपुरात महाल भागातल्या घरी ट्रंकेत मोडीतला एक पट्टा, म्हणजे जमीन कसायला दिल्याचा कागद, होता, शके 1795 चा, म्हणजे 78 मिळवा, इ. स. 1873. मालगुजाराने, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराने, आमच्या पूर्वजाला, त्याची जमीन कसणाऱ्या कुळाला, लिहून दिलेला. चार घड्यांचा कागद, घडीवर पिवळा पडलेला. मी म्हटलं, आधी आहे तसा फोटो काढू. पण दादा, म्हणजे माझा मोठा चुलतभाऊ, टीव्हीवर पाहून पांढरे हातमोजे घेऊनच आला होता. वहिनी व्हिडिओ काढत होती. त्याने घडी उलगडली आणि कागद मधोमध तुटला. मी ओरडले तर म्हणतो, "काहून ओरडते, टीव्हीत असंच तर करतात." मग वरून चिकटपट्टी लावली, आणि दुसऱ्या दिवशी लॅमिनेशन.

मोडी वाचणारे गृहस्थ भिंग घेऊन बसले. मोडीत शब्द सुटे नसतात, ह्रस्व-दीर्घाचा भेद नसतो, त्यात त्या काळी आडनावही सहसा लिहीत नसत. 'अमुक वल्द तमुक', म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, एवढंच. आमच्या कागदात 'वल्द'पर्यंत वाचता आलं. पुढचं नाव नेमकं तुटलेल्या घडीत होतं. बापाचं नाव गेलं म्हणजे वंशावळीतली एक पिढी गेली. चिकटपट्टीचा डिंक कागदात मुरतो आणि लॅमिनेशन सोलायला गेलं की शाई सोबत येते, त्यामुळे तो कागद आता कुणाच्याच कामाचा नाही.

ती पिढी शेवटी जोडली तहसीलच्या रेकॉर्ड रूममधल्या कोतवाल बुकाने, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीने, आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरने. टीव्हीत नेमकं हेच दाखवत नाहीत. गाव आधी माहीत असावं लागतं. आजोबाचं नाव नातवाला ठेवलेलं असतं, त्यामुळे एकाच नावाचे दोघे निघतात आणि वयावरून वेगळे करावे लागतात. नकलेचा अर्ज द्या, बाबू रजेवर, पुन्हा या. तिकडे कलाकार टेबलाशी बसतो तेव्हा सगळं आधीच संशोधकांनी शोधून ठेवलेलं असतं.

आणि काय दाखवायचं तेही निवडतात. 'फाईंडिंग युअर रूट्स' या अमेरिकन कार्यक्रमात बेन ॲफ्लेकच्या सांगण्यावरून त्याचा गुलाम बाळगणारा पूर्वज गाळला, 2015 मध्ये ते उघड झालं. आमच्याकडेही तेच. दादा अजून लग्नाकार्यात सांगतो, आपण नागपूरच्या रघुजीराजे भोसल्यांबरोबर आलेले सरदार. कशात लिहिलंय? जो एक कागद होता त्यात आम्ही कुळ होतो, जमीन कसून पोट भरत होतो. मला त्याचाच अभिमान आहे. सरदारकी शोधायला निघालेल्या माणसाला कुळाचा कागद जपावासा वाटत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. दादा हे वाचणार असेल तर वाचू दे.

तुम्ही कागद काढाल तेव्हा जवळ पेन नको, पेन्सिल ठेवा. घडी अडली तर ओढू नका, तिथेच थांबा आणि अभिलेखागारातल्या माणसाला विचारा. उन्हाळ्यात डेझर्ट कूलरच्या खोलीत ट्रंक अजिबात ठेवू नका, त्या ओलाव्याने बुरशी धरते. पोत्यात, भिंतीला टेकवून ठेवलं तर वाळवी.

एक राहिलं. जुने फोटो किंवा निगेटिव्ह असतील तर मात्र हातमोजे घाला, पण सुती नाही, नायट्राइलचे (पातळ रबरासारखे), कारण बोटांचे ठसे तिथे कायमचे उमटतात. बुरशी दिसली तर मास्कही लावा.