अमेरिकेच्या कृषी खात्याचे स्थलांतर आणि आपली सोयाबीन-कापूस विक्री

प्रश्न : अमेरिकेचे कृषी खाते वॉशिंग्टनमधून हलवले जात असून तिथल्या लोकांनी त्याला मोठा विरोध केला आहे, असे संदेश व्हॉट्सॲपवर फिरत आहेत. तिथून दरमहा येणारा पीक अंदाज आता बंद पडेल का? त्यामुळे भाव वाढतील या आशेने सोयाबीन आणि कापूस राखून ठेवावा का? (सोयाबीन व कापूस उत्पादक शेतकरी)

उत्तर : विरोध झाला हे खरे आहे, अंदाज बंद पडणार, हा मात्र त्यातून घाईने काढलेला अर्थ आहे. कृषिमंत्री ब्रुक रोलिन्स यांनी २४ जुलै २०२५ रोजी काढलेल्या आदेशानुसार, राजधानी परिसरातील सुमारे ४,६०० कर्मचाऱ्यांपैकी तिथे जास्तीत जास्त २,००० ठेवून बाकीच्यांना रॅले, कॅन्सस सिटी, इंडियानापोलिस, फोर्ट कॉलिन्स आणि सॉल्ट लेक सिटी या पाच केंद्रांत पाठवायचे आहे. खाते शेतकऱ्याच्या जवळ जावे आणि खर्च कमी व्हावा, अशी कारणे त्यासाठी देण्यात आली. वॉशिंग्टनमध्ये मूळ पगारावर सुमारे ३४ टक्के स्थानिक वाढ द्यावी लागते, तर सॉल्ट लेक सिटीत ती सुमारे १७ टक्के आहे.

आदेश निघाल्यानंतर सूचना व हरकती मागवण्यात आल्या, आणि मुदत वाढवत ३० सप्टेंबरपर्यंत नेण्यात आली. खात्याने स्वतः केलेल्या वर्गवारीत त्यांपैकी ८२ टक्के प्रतिकूल निघाल्या. आधी विचारले का नाही, हा प्रश्न सिनेटच्या कृषी समितीत दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी केला होता, आणि माझ्या मते तोच सर्वांत रास्त आहे. या खात्याचे ९० टक्क्यांहून अधिक कर्मचारी आधीपासूनच राजधानीबाहेर काम करतात. कर्ज आणि पीक योजना पाहणारी कार्यालये तिथेही काउंटीच्या, म्हणजे साधारण आपल्या तालुका-जिल्ह्याच्या पातळीवर आहेत. त्यामुळे ‘जवळ जाण्या’चा मुद्दा मला फारसा पटत नाही. (१९९८ मध्ये आपल्या कृषी विभागाची ‘एक खिडकी’ पद्धतीने फेररचना झाली, तेव्हाही शेतकऱ्याला पहिला प्रश्न पडला तो आता कोणाकडे जायचे हाच.)

हरकतींमागची भीती अनुभवातून आलेली आहे. २०१९ मध्ये याच खात्याची आर्थिक संशोधन सेवा आणि संशोधन अनुदाने देणारी संस्था कॅन्सस सिटीला नेण्यात आली, तेव्हा बहुतेक कर्मचाऱ्यांनी स्थलांतर नाकारून नोकरी सोडली. पुढे जागा भरल्या गेल्या, पण पुष्कळसे लोक नवखे होते. काही काळ अहवालांची संख्या घटली आणि अनुदानांना उशीर झाला, असे तिथल्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने नोंदवले आहे. टेबल हलवता येते, पण वीस वर्षे पीक पाहणीचे आकडे तपासणाऱ्या माणसाची नजर त्या टेबलाबरोबर जात नाही. म्हणून अंदाजाची अचूकता काही काळ कमी होण्याची शक्यता मी नाकारणार नाही.

ऑक्टोबर २०२५ चा मासिक अंदाज आला नाही, याचा दाखला काही जण देतात. पण तो तिथले सरकारी कामकाज निधीअभावी थांबल्यामुळे रद्द झाला होता. त्याचा स्थलांतराशी संबंध नाही, आणि नोव्हेंबरचा अंदाज प्रसिद्ध झाला.

त्यामुळे या बातमीवर भिस्त ठेवून माल अडकवून ठेवू नये. अंदाज न येणे म्हणजे भाव वाढणे नव्हे. आकडा नसला की व्यापारी जोखीम धरून दर सांगतो, आणि ती जोखीम बहुधा आपल्याच पदरात पडते. कापसाच्या बाबतीत तर १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०२५ या काळात केंद्राने ११ टक्के आयात शुल्क माफ केले, हा निर्णय आपल्या बाजाराला कितीतरी जवळचा होता. २०२५-२६ साठी हमीभाव सोयाबीनला क्विंटलमागे ५,३२८ रुपये, मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये आहे. बाजारातील दर याखाली असल्यास आधी खरेदी केंद्रावरील नोंदणीची स्थिती पाहावी, सोयाबीन १२ टक्के ओलाव्याच्या आत येईपर्यंत वाळवावे, आणि कापसात ८ टक्क्यांवर ओलावा असल्यास दरात कपात होते व १२ टक्क्यांवर माल नाकारला जातो, हे लक्षात घेऊनच गाडी भरावी.