भांडण गाण्याचं, तबकडीचं की मशीनचं?

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. रविवारच्या रेकॉर्डी ऐकायच्या बैठकीत दोन बुजुर्गांची जी जुंपली, तिचं वर्णन वाचून हसू आलं आणि थोडी काळजीही वाटली. हसू यासाठी, की हा वाद मी तुझ्या वयाचा होतो तेव्हापासून ऐकतोय. रेकॉर्डींची खोकी या घरातून त्या घरात गेली, माणसं बदलली, वाद जिथल्या तिथे. काळजी यासाठी, की पत्राच्या शेवटी तू विचारलंयस, ‘दोघांपैकी बरोबर कोण?’ आणि जो बरोबर ठरेल त्याच्या सांगण्यावरून साठवलेले पैसे रेकॉर्डींवर खर्चायचा तुझा बेत दिसतो.

पैसे तूर्त राहू देत. एक म्हणतो, गाणं 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांबरोबर संपलं, एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या तबकड्या आल्यावर गवई सैल पडले. दुसऱ्याला ती खरखर सोसवत नाही. चांगल्या एलपीवर अमीर खाँसाहेबांचा मारवा राग ऐकलेल्या माणसाने पुन्हा मागे का जावं, असा त्याचा सवाल. दोघांचे कान तयार आहेत, दोघांनी आयुष्य घातलंय, त्यामुळे कुणालाच वेड्यात काढू नकोस. पण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत का, ते आधी बघ. आपल्या या मंडळींत गवयावरून झालेली निम्मी भांडणं खरं तर तबकडीवरून असतात आणि उरलेल्यांतली बरीचशी मशीनवरून.

तबकडीचं आधी. 1902 साली कलकत्त्याला गायिका गौहरजानचं गाणं ध्वनिमुद्रित झालं, तेव्हापासून पुढची पन्नासेक वर्षं आपल्या रागसंगीताला एका बाजूला मिळाली सरासरी तीन-साडेतीन मिनिटं. त्यातही गौहरजान शेवटी स्वतःचं नाव सांगायची, कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत हॅनोवरला आणि तिथल्या कारागिरांना कळायला हवं की ही बाई कोण. सुरुवातीला मायक्रोफोन नव्हताच. कर्ण्यात तोंड घालून खणखणीत आवाजात गावं लागे आणि तंबोऱ्याची आस त्यात जवळजवळ हरवून जाई. विजेवरचं मुद्रण आलं ते 1925 नंतर.

आता विचार कर, या साडेतीन मिनिटांत कोणाचं गाणं मावणार? फैयाज खाँसाहेबांची नटबिहागातली ‘झन झन झन झन पायल बाजे’ ऐक. बंदिशीची फेक, बोलांशी केलेली खोडी, तान, सगळं त्यात येतं आणि कुठे घाई वाटत नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी, ‘पिया बिन नाही आवत चैन’, हीसुद्धा तशीच. पहिल्याच सुरात माणूस पकडतो. पण अब्दुल करीम खाँसाहेबांच्या किराणा घराण्याची खरी पुण्याई म्हणजे एकेका सुरावर थांबून केलेली बढत, ती तीन मिनिटांत कशी दिसणार? केसरबाई केरकरांच्या बाबतीत तर हे फारच ठळक आहे. त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याचा डौल विलंबित तीनतालाची आवर्तनं एकामागून एक भरत नेण्यात. 78 वर त्यासाठी जागाच नाही, म्हणून तिथे बहुधा मध्यलयीतली चीज आणि तानांची बरसात. फक्त रेकॉर्डवरून केसरबाई ओळखणारा म्हणतो, ‘काय तानबाजी!’ मैफलीतून ओळखणारा म्हणतो, ‘काय ठेहराव!’ आणि दोघं एकमेकांना बहिरे समजतात. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात गेली, तिच्यावरही केसरबाईंची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’, तीही साडेतीन मिनिटांचीच. परग्रहावर कुणी ऐकलीच, तर तेही तानबाजीच्याच पक्षात जातील असा माझा अंदाज.

एलपीने ही कोंडी फोडली. अली अकबर खाँसाहेबांची पहिली एलपी 1955 मध्ये अमेरिकेत निघाली आणि मग आपल्याकडेही एका बाजूला वीस-बावीस मिनिटं राग मांडता येऊ लागला. अमीर खाँसाहेबांची ती एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली एलपी या सोयीशिवाय झालीच नसती. त्यांची अतिविलंबित लय साडेतीन मिनिटांत घातली असती, तर समेवर येईपर्यंत सुई लेबलाला टेकली असती! पण मैफल तासाभराची, एलपी वीस मिनिटांची. म्हणजे हाही तुकडाच. तुझे ते पहिले बुजुर्ग ज्याला सैलपणा म्हणतात, त्यातला काही भाग खरा आहे. मुद्रणाला बसल्यावर काही गवई वीस मिनिटं नुसती भरतात, हे मलाही जाणवतं. 78 वर भरती करायला वावच नव्हता.

आता मशीन. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण यावर कुणी बोलत नाही आणि फसगत सगळ्यांची होते.

78 हा आकडा जुन्या तबकड्यांच्या बाबतीत पुष्कळदा नावापुरताच असतो. सुरुवातीच्या काळात कुठे सत्तरीच्या आसपास, कुठे ऐंशीच्या वर, अशा वाटेल त्या वेगाने मुद्रणं झाली. 78 ची तबकडी 80 वर फिरवलीस, तर हार्मोनियमच्या दोन लगतच्या पट्ट्यांमध्ये जे अंतर असतं, त्याच्या जवळजवळ निम्म्याने आवाज चढतो. 83 वर फिरवलीस तर काळी एकचा गवई चक्क पांढरी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या पुढच्याच पट्टीत गायला लागतो. नुसता चढतच नाही, आवाज बारीक होतो आणि तानही पळते. कुणी एखाद्याच्या तानेच्या वेगाने थक्क झाला, की मी आधी त्याच्या टर्नटेबलकडे बघतो.

माझे एक स्नेही यासाठी शेजारी हार्मोनियम ठेवतात. तबकडी लावतात, साथीच्या पेटीचा षड्ज कानात घेतात आणि आपल्या पेटीवर शोधतात. रेकॉर्डवरची पेटी दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी लागली, तर वेग चुकला असण्याची दाट शक्यता. मग वेगाचं बटण केसाकेसाने फिरवत राहायचं. हा पुरावा पक्का नाही, कारण पेट्याही सगळ्या एका मापाच्या नसत. पण अशा एका संध्याकाळी, वेग उतरवल्यावर, जो आवाज आम्हाला इतकी वर्षं किनरा आणि उतावळा वाटायचा, तो एकदम भरला. कोपऱ्यात बसलेले एक गृहस्थ म्हणाले, ‘अरे, हा तर शांत माणूस आहे!’ त्या गवयाबद्दलची आमची जुनी मतं तिथेच निकालात निघाली.

सुईचंही तेच. 78 ची खाच रुंद. तिला सुमारे 75 मायक्रॉनचं टोक लागतं. एलपीचं टोक 25 किंवा त्याहूनही कमी. ते 78 वर ठेवलंस तर खाचेच्या तळाशी बसून तिथला गाळ वाजवत राहील. तुझे दुसरे बुजुर्ग ज्या खरखरीला कंटाळलेत, तिच्यातली किती तबकडीची आणि किती त्यांच्या महागड्या सुईची, हे त्यांना अदबीने विचार. शिवाय या तबकड्या मोनो, म्हणजे एकाच वाहिनीच्या. स्टिरिओ कार्ट्रिजने, म्हणजे सुई बसवतात त्या दोन वाहिन्यांच्या भागाने वाजवताना अँप्लिफायरवरचं मोनोचं बटण दाबलं, तर खालीवर हलण्यातून येणारा कचरा बराचसा कटतो. काही जण मात्र दुसरं टोक गाठतात: कॉम्प्युटरवर घालून खरखर इतकी पुसतात की सुराची धार, श्वास, तंबोरा सगळंच पुसलं जातं. मला ते ऐकवत नाही. त्यापेक्षा खरखर परवडली.

हे सगळं वजा केल्यावरही मतभेद उरतातच आणि तेच खरे. ग्वाल्हेरच्या रहिमत खाँसाहेबांच्या रेकॉर्ड्स घे. शेवटच्या काही वर्षांत, उतारवयात झालेलं ते मुद्रण. काहींना त्यात फक्त थकलेला आवाज ऐकू येतो, तर काहींच्या डोळ्यांत पाणी येतं. इथे वेग, सुई, मिनिटं काही मदतीला येत नाही. ज्याला आवाजाची तब्येत लागते तो पहिल्या गटात, ज्याला सुराची नियत दिसते तो दुसऱ्यात. मी दुसऱ्यात आहे. तुला पहिल्यात बसायचं असेल तर खुशाल बस. फक्त बैठकीतल्या कुणाची मर्जी राखायला बसू नकोस आणि माझीही नको. एकच तबकडी महिनाभर लाव, दुसरी हातात घेऊ नकोस. तुझा गट तुला आपोआप कळेल.

आणि हो, ‘सर्वश्रेष्ठ कोण’ हा विषय निघाला की एक आठवण सगळ्यांना करून देत जा. भास्करबुवा बखले आणि अल्लादिया खाँसाहेब यांचं गाणं एकाही तबकडीवर नाही. ज्यांनी गाण्याला वळण दिलं त्यांच्यातले दोघे आपल्या कपाटात नाहीतच, मग क्रमवारी लावायची कशाच्या जोरावर? हे ऐकून मंडळी जरा चहाकडे वळतात, असा अनुभव आहे.

राहता राहिली तू लिहिलेली जुन्या बाजारातली ती 78, जिची ‘एकच प्रत उरली’ म्हणून दुकानदार भाव चढवतोय. खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरकी धर. खाचा काळ्याभोर चमकल्या तर ठीक. करड्या, धुरकट दिसल्या तर पोलादी सुयांनी खाल्लेली आहे. काठावर चीर आहे का, तेही बघ. घरी आणल्यावर स्पिरिटने मुळीच पुसू नकोस. ती लाखेची आहे. फर्निचरला पॉलिश करणारे लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात. लेबलावरचा क्रमांक एकट्याने कामाचा नाही, कारण तेच मुद्रण पुढे वेगळ्या क्रमांकानेही विकलं जाई. लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्टीत बारीक कोरलेला मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या मुद्रणाच्या साच्याचा क्रमांक असतो. तो दोन्ही बाजूंचा उतरवून घे आणि मला कळव. माझ्या वहीत तो आधीच असेल, तर ‘एकच प्रत’ ही थाप ठरली. मग भावाचं बोलता येईल.