‘जित्वरी’ कुठे घालावी

सप्रेम आशीर्वाद.

कवितेच्या चौथ्या ओळीत तू ‘जित्वरी’, म्हणजे जिंकणं हा जिचा स्वभावच ती, घातलीयस. शब्द अस्सल आहे, जागा चुकली. तिथे धावपटू आयुष्यात पहिल्यांदाच जिंकतेय.

आधी ओळखीचा ‘नश्वर’ घे. देह नश्वर म्हणजे तो आज नष्ट झाला असं नव्हे, नष्ट होणं हा त्याचा स्वभावच. ‘जित्वर’ त्याच साच्यातला. पाणिनीचं सूत्र (३.२.१६३) इ, नश्, जि आणि सृ या चार धातूंना ‘क्वरप्’ प्रत्यय सांगतं, तोही ‘ते करण्याचा ज्याचा स्वभाव आहे’ या अर्थी. प्रत्ययाचा क् आणि प् गळतो, ‘वर’ राहतो. ‘जि’ ऱ्हस्व म्हणून मध्ये त् येतो, आणि शेवटी स्त्रीलिंगाची ई. म्हणून ‘जीत्वरी’ लिहू नकोस, दीर्घ केलंस की त्या त् ला यायचं कारणच उरत नाही. मुद्रितं तपासताना ‘ज’ सुटणार नाही हेही बघ. ‘इत्वरी’ हाही शब्द आहे, याच सूत्रातल्या ‘इ’पासून झालेला, आणि अमरकोशात तो कुलटेच्या पंगतीला बसलाय!

तर एकदा जिंकली ती विजेती. जिंकतच आली आणि जिंकणारच, ती जित्वरी. ‘अपराजिता’ हरलेली नाही एवढंच सांगते, शिवाय वाचकाला आधी गोकर्णाचं फूल आठवतं. ‘विजया’ म्हटलं की भांगेचा वास येतो. ‘जयंती’ कॅलेंडरवर गेली, ती आता परत यायची नाही.

या जयंतीचं जुनं घर मात्र बघून ये. ऋग्वेदात १०.१५९ हे सहा ऋचांचं सूक्त शची पौलोमीच्या, म्हणजे इंद्राच्या बायकोच्या, नावावर आहे. त्यात बोलणारी स्वतःला संजया म्हणते, जयन्ती म्हणते, अभिभूवरी म्हणते. तीनही शब्द जिंकणारीचे. पण तिने जिंकलंय ते सवतींना. विजय कुणावर, हे न बघता असे शब्द झेंड्यासारखे फडकवले की जाणता वाचक गालातल्या गालात हसतो.

आपल्या शब्दाचं सगळ्यात सुंदर रूप मला ऋग्वेदातच, १०.९७ मध्ये दिसतं. ते वनस्पतींचं सूक्त. तिसऱ्या ऋचेत फुललेल्या, फळणाऱ्या ओषधींना म्हटलंय, ‘अश्वा इव सजित्वरीः’, एकजुटीनं जिंकणाऱ्या घोड्यांसारख्या, म्हणजे घोडींसारख्या. इथे रणांगण नाही, तलवार नाही. रोग्याला पार नेणाऱ्या वेली आहेत, आणि त्या एकेकट्या जिंकत नाहीत; तो ‘स’ उगाच आलेला नाही. (हे रूप ‘सजित्वन्’चं स्त्रीलिंग, न् च्या जागी र्. वाट निराळी, पण घर तेच.) इस्पितळातल्या परिचारिकांवर लिहायचं असेल, तर हा शब्द तलवारवाल्या राणीपेक्षा तिथेच जास्त शोभेल.

पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरच्या जुन्या भाष्यात, ‘जित्वरी’ पुन्हा भेटते: व्यापारी वाराणसीला ‘जित्वरी’ म्हणतात. इतर लोक नव्हे, व्यापारी. म्हणजे तेव्हाही हा शब्द सरसकट सगळ्यांच्या तोंडी नव्हता. मराठीत तर तो पाहुणाच. त्यामुळे एका कवितेत एकदाच घे, आणि आधीच्या दोन ओळींत तिचं पुनःपुन्हा जिंकणं दाखव, म्हणजे कोश न उघडता अर्थ लागेल. कंसात अर्थ दिलास तर कविता मेली. बातमीच्या मथळ्यात, सन्मानपत्रात हा शब्द नको. तिथे ‘विजेती’ पुरते.

अनेकवचन ‘अभिनेत्री’सारखं चालव: अनेक जित्वरी, जित्वरींनी, जित्वरींचा. ‘जित्वऱ्या’ कानाला बोचतं.

वृत्ताची चिंता करू नकोस. जित्वरी म्हणजे गुरू, लघू, गुरू, असा रगण. शार्दूलविक्रीडिताच्या चरणाची शेवटची तीन अक्षरं नेमकी अशीच असतात. तुझी कविता मात्रावृत्तात आहे, तिथे तर आणखी सोपं: जित्वरी, विजेती, विजयिनी, तिन्हींच्या मात्रा पाचच. चौथ्या ओळीत ‘विजेती’ बसव. सातव्या कडव्यात ती लागोपाठ तिसरी शर्यत मारते, ‘जित्वरी’ तिकडे ने, आणि तिथलं ‘महान’ खोडून टाक.